ओके गो आणि गाण्याचं घड्याळ

चित्रपटातलं गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि मग सेटवर ते वाजवून नट त्यावर ओठ हलवतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यातून निघणारी एक अडचण मात्र आपल्या लक्षात येत नाही. गाणं एकदा मुद्रित झालं की त्याचं घड्याळ कायमचं पक्कं होतं. साडेतीन मिनिटांचं गाणं साडेतीन मिनिटांचंच राहतं, आणि कितव्या सेकंदाला तबल्याची थाप पडणार तेही बदलत नाही. पडद्यावरच्या जगाने त्या घड्याळाबरहुकूम चालायचं. चित्रपटवाले हा प्रश्न कात्रीने सोडवतात. मुखडा डोंगरावर, कडवं स्टुडिओत, जिथे जुळलं नाही तिथे कापून दुसरा तुकडा जोडायचा.

कात्री हातात घ्यायचीच नाही असं ठरवलं तर काय होईल? शिकागोत १९९८ साली सुरू झालेल्या ‘ओके गो’ या चार जणांच्या रॉक बँडने २००५ पासून सगळी ताकद या एका प्रश्नामागे लावली आहे. त्यांचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले ते गंमत म्हणून. ट्रेडमिलवर नाचणारी माणसं, विमानात तरंगणारी माणसं, रंगाने माखलेली माणसं. पण सगळे व्हिडिओ सालवार पाहिले तर त्या गमतीखाली चिकाटीचं एक संशोधन दिसतं. गाण्याचं घड्याळ आणि बाहेरच्या जगाचं घड्याळ एकमेकांशी कसं जुळवायचं, याची दर वेळी एक नवी रीत ते शोधत आले आहेत.

गायक आणि गिटारवादक डेमियन कुलॅश आणि बेस गिटार वाजवणारे टिम नॉर्डविंड यांची ओळख वयाच्या अकराव्या वर्षी मिशिगनमधल्या इंटरलॉकन इथल्या कलाशिबिरात झाली. बँडला नाव मिळालं तेही तिथल्या एका चित्रकला शिक्षकाच्या तोंडच्या शब्दांवरून. ड्रमवर डॅन कोनोप्का, आणि २००५ पासून दुसऱ्या गिटारवर अँडी रॉस. त्यांचं संगीत आहे चटकन ओठांवर बसणारं, गिटारच्या जोरावर चालणारं पॉप-रॉक. त्यातली काही गाणी मला मनापासून आवडतात. पण नुसत्या संगीताच्या बळावर हा बँड इतका लांब टिकला असता असं मला वाटत नाही, आणि तसं म्हणण्याने त्यांचं मोल कमीही होत नाही. गाणं, नाच, यंत्र आणि कॅमेरा या चारही गोष्टी मिळूनच त्यांची कलाकृती पूर्ण होते.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला, तेव्हापासून गाण्याचा व्हिडिओ ही रेकॉर्ड कंपनीने पैसा ओतून करायची जाहिरात होती. दिग्दर्शक कंपनीचा, संकल्पना कंपनीची, दाखवायचं की नाही हे वाहिनीच्या हाती. ओके गोने २००५ साली ‘अ मिलियन वेज’ या गाण्यावर कुलॅशच्या घरामागच्या अंगणात नाच केला. कॅमेरा एका जागी ठेवलेला, चौघे रांगेत, एकच टेक. नाच बसवला होता कुलॅशची बहीण ट्रिश सी हिने. ती बॉलरूम नृत्यातली कसलेली नर्तकी. चौघे नाचात कच्चे आहेत हे दिसतं, पण प्रत्येक पाऊल घोटून पाठ केलेलं आहे हेही दिसतं. ती चित्रफीत लोकांनी एकमेकांना पाठवली आणि इंटरनेटवरून ती लांबवर पोचली. वाहिनीची गरजच पडली नाही.

पुढच्या वर्षी, ३१ जुलै २००६ रोजी, ‘हिअर इट गोज अगेन’ यूट्यूबवर आला. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एक स्थिर कॅमेरा. हाही नाच ट्रिश सीनेच बसवलेला, आणि पक्का टेक मिळेपर्यंत १७ वेळा केलेला. इथे ट्रेडमिल नेमकं काय करते ते पाहण्यासारखं आहे. जमिनीवर नाचणारा माणूस आपल्या मर्जीने थांबतो, निघतो, एखादा ठोका चुकला तर पुढचं पाऊल लांब टाकून भरून काढतो. ट्रेडमिलवर ही सोय नाही. पट्टा आपल्या ठरलेल्या गतीने सरकत राहतो. उभा राहिलेला माणूस मागे जातो, चालणारा जागच्या जागी राहतो. शेजारच्या पट्ट्याची दिशा उलटी असेल तर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पाय टाकताच वेग उलटा होतो. म्हणजे माणूस कुठल्या क्षणी कुठे असणार हे त्याच्या इच्छेपेक्षा पट्ट्याच्या गतीवर ठरतं. गाण्याच्या घड्याळाला यंत्राच्या घड्याळाची जोड मिळाली आणि नर्तक त्या दोहोंच्या मधे सापडला. व्हिडिओचं सगळं सौंदर्य त्या अडचणीतून आलेलं आहे. २००७ साली त्याला छोट्या संगीत-व्हिडिओचं ग्रॅमी मिळालं.

एवढ्या यशानंतर भांडण झालं ते स्वतःच्या कंपनीशी. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने तिचे यूट्यूबवरचे व्हिडिओ इतर संकेतस्थळांवर लावता येणार नाहीत अशी व्यवस्था केली, कारण तिथे पाहिल्या गेलेल्या व्हिडिओचा मोबदला कंपनीला मिळत नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये कुलॅशने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हिशोब मांडला. बंदी येताच ट्रेडमिलच्या व्हिडिओचे प्रेक्षक दिवसाला सुमारे दहा हजारांवरून जेमतेम हजारावर आले होते. लोकांनी हातोहात पसरवलेली गोष्ट कुंपणात घातली की मरते, हे त्याचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात बँडने ईएमआय सोडली आणि ‘पॅराकॅड्यूट’ नावाची स्वतःची कंपनी काढली.

त्याच मार्च महिन्याच्या सुरुवातीला त्यांचं सगळ्यात गाजलेलं यंत्र लोकांसमोर आलं होतं. गाणं ‘धिस टू शॅल पास’. अमेरिकी व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग यांनी, ज्यांना १९४८ साली राजकीय व्यंगचित्रासाठी पुलित्झर मिळालं, आयुष्यभर एक प्रकारची चित्रं काढली: अगदी साधं काम अतिशय लांबलचक आणि गुंतागुंतीच्या मार्गाने करणारी यंत्रं. गोळी घरंगळते, तराजू कलतो, दोरी तुटते, हातोडा पडतो. तसलं यंत्र लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागातल्या एका दुमजली गोदामात ‘सिन लॅब्स’ या अभियंता-कलावंतांच्या गटाने प्रत्यक्षात उभारलं. दिग्दर्शक जेम्स फ्रॉस्ट. सुरुवात होते खेळण्यातल्या छोट्या ट्रकने आणि डॉमिनोच्या सोंगट्यांनी. पुढे गोष्टी मोठ्या होत जातात, पियानो पडतो, टीव्हीवर घण बसतो, आणि शेवटी चौघांच्या अंगावर रंगाच्या तोफा सुटतात. हे सगळं गाण्याच्या ठेक्यावर.

अशा यंत्राचं गणित निर्दय असतं. समजा साखळीत १०० दुवे आहेत आणि प्रत्येक दुवा १०० पैकी ९९ वेळा नीट चालतो. ऐकायला हे भरवशाचं वाटतं. पण सगळे दुवे एकापाठोपाठ यशस्वी होण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. प्रत्येक दुवा १०० पैकी ९७ वेळा चालत असेल तर पूर्ण यंत्र वीस प्रयत्नांत एखादाच वेळी शेवटाला पोचेल. गोदामात डझनावारी प्रयत्न झाले आणि शेवटपर्यंत पोचलेले बोटांवर मोजण्याएवढे निघाले, यात नवल नाही.

बांधणाऱ्यांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. छोट्या वस्तू लहरी असतात. धुळीचा कण, वाऱ्याची झुळूक, हवेतला ओलावा एवढ्यानेही सोंगटी अडते. पियानोला यातल्या कशाचं काहीच नाही, तो सोडला की पडतोच. म्हणून लहरी वस्तू सगळ्या सुरुवातीला ठेवल्या आणि वजनदार वस्तू शेवटाला. फसायचं असेल तर यंत्र पहिल्या अर्ध्या मिनिटात फसतं, आणि तेवढंच पुन्हा मांडावं लागतं. प्रेक्षकाला वाटतं की लहानापासून मोठ्याकडे जाणं ही नाट्यरचना आहे. तशी ती आहेच, पण तिचं मूळ पुन्हा मांडणीच्या कष्टात आहे. शिवाय यंत्राने नुसतं पूर्ण व्हायचं नव्हतं, गाण्याशी जुळूनही राहायचं होतं. घरंगळणाऱ्या गोळीला घाई करायला सांगता येत नाही. उतार थोडा कमी करायचा, वाट थोडी लांबवायची, वजन बदलायचं, पुन्हा मोजायचं, हे काम काही महिने चाललं.

त्याच वर्षीच्या ‘एंड लव्ह’ची गोष्ट वेगळी. इथे त्यांनी जगाच्या घड्याळालाच हात घातला. पुन्हा एको पार्क, पण या वेळी तिथलं उद्यान. अखंड एक दृश्य, ज्यात १८ तासांचं नाचणं साडेचार मिनिटांत बसवलं आहे. संध्याकाळ होते, रात्र पडते, चौघे स्लीपिंग बॅगमध्ये झोपतात, सूर्य उगवतो, आणि गाणं आपलं शांतपणे चालू. चित्रीकरणाची गती सतत बदलत राहते. जिथे ती सगळ्यात जास्त आहे तिथे २४ तास अर्ध्या सेकंदात संपतात, म्हणजे १,७२,८०० पट. जिथे सगळ्यात कमी तिथे अर्ध्या सेकंदाची घटना १६ सेकंद दिसते. नाचाच्या भागाची सरासरी गती सुमारे २७० पट आहे. हा आकडा जरा शरीरावर उतरवून पाहू. २७० पट म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदासाठी उद्यानात साडेचार मिनिटं जायला हवीत. पडद्यावर हात एका सेकंदात वर गेलेला दिसायला हवा असेल तर प्रत्यक्षात तो साडेचार मिनिटं इंचाइंचाने वर नेत राहायचं, तोल न घालवता, शेजाऱ्याच्या हाताशी मेळ राखून. ओठही तसेच हलवायचे. उद्यानातली एक हंसजातीची पक्षीण या सगळ्यात त्यांच्या मागेमागे फिरत राहिली आणि चित्रीकरणाचा भाग होऊन बसली. तिला ना गाण्याचं घड्याळ माहीत होतं ना कॅमेऱ्याचं. ती आपल्या वेळेने चालते, म्हणून चौकटीत कुठेही दिसली तरी थरथरत, उडत असल्यासारखी दिसते. वेळेशी काय खेळ केला आहे हे तिच्याकडे पाहून सगळ्यात लवकर कळतं.

‘व्हाइट नकल्स’मध्ये डझनभर कुत्री आणि एक शेळी आहे. १२४ टेक झाले, त्यातला ७२वा निवडला. कुत्र्यांशी घड्याळाच्या भाषेत बोलता येत नाही, त्यामुळे इथे माणसांनी कुत्र्यांची गती ओळखून तिच्याभोवती नाच बांधला. बरीचशी कुत्री निराधार म्हणून सोडवून आणलेली होती, आणि व्हिडिओच्या उत्पन्नातला वाटा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेला.

२०१२ सालच्या ‘नीडिंग/गेटिंग’मध्ये पारडं फिरलं. आतापर्यंत तयार गाण्याला जग जुळवत होते, इथे जगाकडूनच गाणं वाजवून घेतलं. लॉस एंजेलिसबाहेरच्या वाळवंटात सुमारे दोन मैलांच्या वाटेवर हजारावर वाद्यं मांडली: गिटारी, पियानो, आणखी कितीतरी वाजणाऱ्या वस्तू. मोटारीला बाहेर निघणारे यांत्रिक हात बसवले, आणि कुलॅशने स्टंट-ड्रायव्हिंग शिकून ती गाडी स्वतः चालवली. गाडी जवळून जाते, हात वाद्याला लागतो, सूर वाजतो. ठेका इथे अंतरात लिहिलेला आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर कापते. सेकंदाला दोन ठोके हवे असतील तर वाद्यं बरोबर पाच-पाच मीटरवर हवीत. गाडी थोडी जोरात गेली तर गाण्याची लय वाढते, वळणावर हळू झाली तर लय ढासळते. एक्सलरेटरवरचा पाय म्हणजे लयीवरचा हात. पियानोचा भाग तर फारच शहाणपणाचा आहे. धावत्या गाडीचा हात नेमक्या एका पट्टीवर पडेल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक पियानोच्या खालच्या सप्तकांतल्या सगळ्या पट्ट्या एकाच स्वरात लावल्या. हात कुठेही पडो, स्वर बरोबर. चूक टाळता येत नसेल तर चुकीला जागा ठेवायची, ही युक्ती त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा दिसते. चार महिन्यांची तयारी आणि चार दिवसांचं चित्रीकरण.

२०१४ साली दोन व्हिडिओ आले. ‘द रायटिंग्ज ऑन द वॉल’ दृष्टिभ्रमांवर उभा आहे. जमिनीवर, खांबांवर, शिड्यांवर तुटक रंगवलेले पट्टे कॅमेरा एका विशिष्ट जागी आला की जुळून चेहरा होतात, आणि पाऊलभर सरकला की विस्कटतात. ही विद्या जुनी आहे. हान्स होलबाइनने १५३३ साली ‘द ॲम्बॅसडर्स’ या चित्रात तिरकस बघितल्यावरच कळणारी कवटी रंगवून ठेवली, ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कॅमेऱ्यासमोर ती जास्त फसवते, कारण कॅमेऱ्याला डोळा एकच. आपले दोन डोळे दोन जागांवरून पाहतात आणि खोली ताडतात, तो आधार कॅमेऱ्याने काढून घेतलेला असतो. एमटीव्हीने या व्हिडिओला उत्तम दृश्य-परिणामांचा पुरस्कार दिला, आणि त्यातली करामत संगणकात तयार झालेली नव्हती, रंग, लाकूड आणि नेमकी मापं यांतून उभी केलेली होती.

दुसरा, ‘आय वोन्ट लेट यू डाउन’, जपानमध्ये चिबा प्रांतात चित्रित झाला. होंडाच्या युनी-कब या बसून फिरायच्या छोट्या वाहनांवर चौघे नाचतात, भोवती छत्र्या घेतलेल्या मुलींचे ताफेच्या ताफे येत जातात, आणि ड्रोनवरचा कॅमेरा जमिनीवरून निघून आकाशात इतका उंच जातो की प्रत्येक छत्री चित्रातला एक ठिपका होते. छत्र्या उघड-मीट करून अक्षरं आणि आकृती फिरवतात. चित्रीकरण निम्म्या गतीने झालं. मैदानावर गाणं संथ वाजत होतं, सगळे त्या लयीत हलत होते, आणि नंतर चित्र दुप्पट गतीने चालवलं. त्यामुळे हालचालींना एक करकरीत टोक आलं आहे, माणसं यंत्रातल्या बाहुल्यांसारखी नेमकी वळतात. शेकडो माणसांचा मेळ एका टेकमध्ये साधायचा तर प्रत्येकाला विचार करायला दुप्पट वेळ देणं, हाच त्यातला सोपा आणि पक्का उपाय होता.

माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं काम फेब्रुवारी २०१६ मधलं: ‘अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट’. रशियाच्या एस-सेव्हन या विमान कंपनीच्या मदतीने, अंतराळवीरांना शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इल्यूशिन-७६ जातीच्या विमानात ते चित्रित झालं. विमान नेहमीच्या प्रवासी विमानासारखं सजवलेलं. चौघांबरोबर हवाई सुंदरींच्या वेशातल्या दोन कसरतपटू. आणि सगळे खरोखर तरंगतात.

ते कसं घडतं? विमान सरळ अंतराळात जात नाही, आणि पृथ्वीचं ओढणंही थांबत नाही. वैमानिक विमान तिरकं वर चढवतो, मग इंजिनांचा जोर एवढाच ठेवतो की हवेचा विरोध तेवढा फिटावा. आता विमान हवेत भिरकावलेल्या दगडाच्या वाटेने जातं, वर जाऊन कमान करून खाली. आतली माणसं, फुगे, लॅपटॉप हेही त्याच वाटेने त्याच गतीने पडत असतात. जमीन पायाखालून तितक्याच वेगाने पडते आहे, म्हणून पाय जमिनीवर टेकत नाहीत. ही अवस्था सुमारे २७ सेकंद टिकते. मग विमान सावरून पुन्हा वर घ्यावं लागतं आणि तेव्हा शरीराचं वजन दुपटीच्या आसपास जातं. पुन्हा पुढच्या कमानीची तयारी होईस्तोवर जवळपास पाच मिनिटं.

एक टेक हवा आहे, आणि जग देतं आहे २७-२७ सेकंदांचे तुकडे. बँडने केलेली मांडणी अशी. एकाच उड्डाणात सलग आठ कमानींवर, सुमारे ४५ मिनिटं, कॅमेरा चालू ठेवला. वजन परत येताच सगळे आपापल्या जागी बसून थांबायचे, गाणंही थांबायचं. पुढची कमान लागली की तिथूनच पुढे. नंतर मधली थांबण्याची मिनिटं काढून टाकली आणि सांधे मिटवले. नीट पाहिलं तर सांधे सापडतात, दर वेळी चौघे खुर्चीत किंवा जमिनीशी स्थिर होतात तिथे. दुसरा प्रश्न लयीचा. गाणं त्या २७ सेकंदांत नीट तुकड्यांत बसेना, २१ सेकंदांचे तुकडे मात्र नेमके पडत होते. म्हणून विमानात गाणं हळू वाजवलं आणि नंतर चित्र साडेअठ्ठावीस टक्के वेगवान केलं. २७ भागिले २१ केलं की तोच आकडा येतो. गुरुत्वाकर्षणाने दिलेला वेळ आणि गाण्याने मागितलेला वेळ यांच्यातला तंटा एका भागाकाराने मिटला.

यासाठी २१ उड्डाणं झाली, प्रत्येकात पंधरा कमानी. पहिली उड्डाणं नुसती काय जमतं ते शिकण्यात गेली. हवेत वळायचं कसं, भिंतीला किती हलकं ढकलायचं, रंगाने भरलेला फुगा फुटला की रंग कुठे जातो. संपूर्ण चमूला मिळून ५८ वेळा ओकाऱ्या झाल्या असं बँडनेच सांगून ठेवलं आहे. चित्रात त्यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो निव्वळ आनंद, आणि शेवटी हवेत फुटून सगळीकडे पसरत जाणारा रंग. मराठीत आपण नाचणाऱ्याला ‘हवेत तरंगत होता’ म्हणतो तेव्हा तो खाली येणार हे गृहीत असतं. इथे खाली येणं काही क्षण खरंच रद्द झालेलं आहे, आणि नाचाची सगळी व्याकरणं नव्याने शोधावी लागली आहेत. दिग्दर्शनात पुन्हा ट्रिश सी.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द वन मोमेंट’ आला, बरोबर उलट्या टोकाचा. त्याचा बहुतांश भाग प्रत्यक्षात ४.२ सेकंदांत घडलेला आहे. तेवढ्यात ३१८ घटना: फुटणाऱ्या गिटारी, उडणारे रंगाचे डबे, पाण्याचे फुगे, रंगीत मिठाचे लोट. डोळ्याने बघायला गेलं तर एक धडाका आणि कचरा. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपून ताणलं की तोच धडाका गाण्याच्या ठेक्यावर उमलत जातो, प्रत्येक फुटणं आपल्या ठोक्यावर. चित्र १०० पट हळू केलं असेल तर प्रत्यक्षातली एक शतांश सेकंदाची चूक पडद्यावर पूर्ण एक सेकंद होते. माणसाच्या हाताला हे शक्यच नाही. प्रत्येक स्फोटाची वेळ कुलॅशने एका मोठ्या तक्त्यात मांडली आणि यंत्रांनी ती पाळली. म्हणजे नाच कागदावरच बसवावा लागला. तालीम करायची सोयच नव्हती, कारण तालीम म्हणजे सगळं फोडून टाकणं.

२०१७ सालच्या ‘ऑब्सेशन’मध्ये ५६७ प्रिंटर दोन भिंतींसारखे रचले आहेत आणि त्यांतून निघणारे रंगीत कागद चित्रं तयार करतात. या व्हिडिओची एक गंमतीची अडचण होती, ती पडद्याबाहेरची. इंटरनेटवरचा व्हिडिओ प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. एका माणसामागे स्थिर भिंत असेल तर काम सोपं. शेकडो कागद एकदम निरनिराळ्या रंगांत उडायला लागले की सगळंच बदलतं, पाठवायची माहिती मावत नाही आणि चित्र चौकोनी ठिपक्यांत विरतं. म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीलाच प्रेक्षकाला चित्राची गुणवत्ता वाढवून पाहायची सूचना आहे. ती ऐकावी. वापरलेला कागद पुनर्वापरासाठी दिला गेला आणि उत्पन्न ग्रीनपीसला.

हे सगळं फुकट होत नाही. ईएमआयऐवजी पैसा आला उद्योगांकडून: गोदामातल्या यंत्रासाठी स्टेट फार्म ही विमा कंपनी, वाळवंटातल्या गाडीसाठी शेव्हर्ले, छत्र्यांसाठी होंडा, विमानासाठी एस-सेव्हन, ४.२ सेकंदांसाठी मॉर्टन सॉल्ट, कागदांसाठी थायलंडची डबल ए. यावर टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. शेव्हर्लेची गाडी व्हिडिओच्या मध्यभागी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. तरी मला हा व्यवहार रेकॉर्ड कंपनीच्या व्यवहारापेक्षा स्वच्छ वाटतो. कंपनीने पैसे दिले की गाण्याची मालकी तिच्याकडे जात असे. इथे पुरस्कर्ता आपलं नाव दाखवून बाजूला होतो, गाणं आणि कल्पना बँडकडे राहतात. आणि या प्रयोगांना लागणारे महिने, गोदामं, विमानं चार वादकांच्या खिशातून येणं अशक्यच होतं.

या कामाला आणखी एक वाट फुटली. शिक्षक हे व्हिडिओ वर्गात दाखवून वेग, अंतर, संभाव्यता, गुरुत्वाकर्षण शिकवत आहेत असं बँडच्या लक्षात आलं. २०१८ मध्ये मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी शिक्षकांसाठी ‘ओके गो सँडबॉक्स’ सुरू केलं. व्हिडिओमागची गणितं, मोजमापं आणि मुलांनी करून पाहायचे प्रयोग तिथे मोफत ठेवले आहेत.

२०१४ नंतरचा त्यांचा पुढचा अल्बम, ‘अँड द अ‍ॅडजेसंट पॉसिबल’, यायला २०२५ उजाडलं. त्यातल्या ‘अ स्टोन ओन्ली रोल्स डाउनहिल’ गाण्याच्या व्हिडिओत ६४ मोबाइल फोन एकाशेजारी एक मांडले आहेत. प्रत्येकावर वेगळा टेक चालू, आणि सगळे मिळून एक चित्र. प्रत्येक फोनचं स्वतःचं घड्याळ, आणि ६४ घड्याळं एकदम जुळवायची. त्यापाठोपाठच्या ‘लव्ह’ गाण्याचा व्हिडिओ बुडापेस्टला चित्रित झाला. यंत्रमानवी हातांवर धरलेले आरसे, त्यांतून अनंत पसरत जाणारी प्रतिबिंबं, आणि पुन्हा एकच सलग दृश्य. आरसा एक अंश वळला तर प्रतिबिंब दोन अंश वळतं, आणि आरशातल्या आरशात ती चूक वाढतच जाते. मानवी हाताला अशी स्थिरता धरवत नाही, म्हणून रोबो. पण मधे उभा राहून गाणारा माणूस माणूसच आहे, आणि रोबो त्याच्यासाठी थांबत नाहीत. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर २००६ साली जी नेमकेपणाची सक्ती होती तीच इथे आहे, फक्त आता यंत्र चहूबाजूंनी हलतं.

सगळं एकदम पाहायचं नसेल तर ‘एंड लव्ह’ आणि ‘अपसाइड डाउन’ हे दोन एकापाठोपाठ पाहावेत. पहिल्यात त्या पक्षिणीवर लक्ष ठेवावं. दुसऱ्यात दर वीस-एकवीस सेकंदांनी चौघे कुठे आणि कसे स्थिर होतात ते शोधावं.